केपी एक, आणि रोव्हरला फिक्स नाही

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात सकाळी कुणी भेटलं की ‘कसं काय’च्या आधी ‘बंधाऱ्याला किती?’ हा प्रश्न येतो. कुठला बंधारा ते सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. चिखलीतली जनावरं हलवायची का, शाळा भरणार का, पाहुण्यांनी आज निघावं की थांबावं, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. जुनी माणसं मात्र आणखी एक गोष्ट जाणून असतात. बंधाऱ्याला पाणी उतरायला लागलं तरी खाली शिरोळच्या गावांत ते अजून चढत असतं. आकडा खरा असतो, पण तो कुठल्या पट्टीवरचा आहे याचं भान सुटून चालत नाही.

पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही असा एक आकडा आहे. त्याला केपी म्हणतात. ० ते ९ अशी त्याची पट्टी, दर तीन तासांनी नवा आकडा. ५ ला पोचला की भूचुंबकीय वादळ धरतात, ९ म्हणजे टोक. ‘आज रात्री सौर वादळ धडकणार’ अशा बातम्यांच्या मागं बहुतेक वेळा हाच असतो. मी जमीनमोजणीचं काम करतो. आमची यंत्रं सॅटेलाईटवर चालतात, त्यामुळं हवामानाबरोबर हा आकडाही बघायची सवय मला लागली. या आकड्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्या डोक्यावरच्या आभाळाबद्दल तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते लिहून ठेवावं असं वाटतं.

एक संध्याकाळ सांगतो. मार्च संपत आलेला, पन्हाळ्याच्या पायथ्याला रस्ता रुंदीकरणाचं काम. दुपारी उन्हात उभं राहवत नाही म्हणून चारनंतर सुरुवात केलेली. दिवस मावळला तरी थोडे पॉइंट राहिले होते, म्हणून बॅटरीच्या उजेडात रेटत होतो. आठ वाजायला आले आणि रोव्हर, म्हणजे काठीवर लावून पॉइंटपॉइंटाला फिरवायचं सॅटेलाईटचं यंत्र, फिक्स सोडायला लागला. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: फिक्स म्हणजे जागा एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पक्की. फ्लोट म्हणजे यंत्राला जागा अंदाजानं कळते, वीतभर इकडं की तिकडं याची खात्री नाही. गटाची हद्द असल्या आकड्यावर ठरवता येत नाही.

“सर, परत फ्लोटला गेलं बघा,” आमचा पोरगा काठी धरून उभा होता तो म्हणाला. शेताचे मालक बांधावर बसलेले. ते वर बघून म्हणाले, “आभाळ तर निव्वळ स्वच्छ हाय की रं!”

खरंच स्वच्छ होतं. वर झाड नाही, तार नाही. एका जागी ठेवलेलं जोडीचं यंत्र, म्हणजे बेस, नीट चालू, मोबाइलला रेंज. सॅटेलाईट वीसच्या वर दिसत होते. मी हातातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर प्रत्येक सॅटेलाईटच्या सिग्नलचा जोर दाखवणारी पट्टी उघडली. एरवी ४५ च्या आसपास स्थिर उभ्या असणाऱ्या पट्ट्या एका सेकंदात २५ वर घसरत होत्या, पुढच्या सेकंदाला परत वर. सगळ्यांचं एकदम होत नव्हतं. आधी दक्षिणेकडचे दोन-तीन, मग डोक्यावरचे. एखादा सावरेपर्यंत दुसरा सुटे. फोनवर केपी बघितला तर १. म्हणजे सगळीकडं शांत. काम आवरून आम्ही चहाला थांबलो. साडेदहाच्या सुमारास सहज यंत्र लावून बघितलं तर काही सेकंदांत फिक्स आलं आणि टिकलंही.

शांत आकडा आणि थरथरणारा सिग्नल यांचा मेळ लावायचा तर तो आकडा बनतो कसा, इथून सुरुवात करावी लागते.

कोल्हापुरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढोबळमानानं ४० हजार नॅनोटेस्ला आहे (नॅनोटेस्ला हे ते मोजायचं माप). अगदी शांत दिवशीही ते स्थिर नसतं. सूर्य वर चढतो तसे वातावरणाच्या वरच्या थरात विजेचे प्रवाह वाढतात आणि क्षेत्र काही दहा नॅनोटेस्लांनी हलतं, संध्याकाळी जागेवर येतं. हा रोजचा नेम. तो वजा केल्यावर जी उलथापालथ उरते ती बहुतांशी सौर वाऱ्यानं, म्हणजे सूर्यातून सतत सुटणाऱ्या भारित कणांच्या झोतानं, घातलेला गोंधळ असते. जर्मन शास्त्रज्ञ युलियस बार्टेल्स यांनी १९३९ मध्ये दोन सहकाऱ्यांसह हा गोंधळ मोजायची साधी पद्धत मांडली. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग करायचे, प्रत्येक भागात क्षेत्र जास्तीत जास्त किती वर-खाली झालं ते बघायचं आणि त्याला ० ते ९ मधला एक अंक द्यायचा. बर्लिनजवळच्या नीमेक वेधशाळेत ५ नॅनोटेस्लांपर्यंतच्या हालचालीला ०, ५ ते १० ला १, १० ते २० ला २, २० ते ४० ला ३, असं चढत जात ५०० च्या पुढं ९. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वर जाल तशा मोठ्या होत जातात. प्रत्येक वेधशाळेची पट्टीही निराळी, कारण ध्रुवाजवळ जी हालचाल रोजची, ती आपल्याकडं खळबळजनक ठरेल.

१९४९ मध्ये बार्टेल्स यांनी अनेक वेधशाळांचे हे अंक एकत्र करून सगळ्या पृथ्वीसाठी एक अंक काढला. तोच केपी. मागच्या नोंदी वापरून तो १९३२ पर्यंत मागं नेला गेला. आज तो जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून निघतो. अंकाचेही तीन-तीन बारीक तुकडे करतात, म्हणजे चारला किंचित कमी, बरोबर चार, चारला किंचित जास्त. अशा २८ पायऱ्या होतात.

पायऱ्या असमान असल्यामुळं केपीची सरासरी काढता येत नाही, आणि हे बातमीदारांनी एकदा तरी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. त्यासाठी एपी नावाचा जोडीचा आकडा आहे. केपी ५ म्हणजे एपी ४८, केपी ८ म्हणजे २०७, केपी ९ म्हणजे ४००. आता ५ आणि ९ ची सरासरी कुणी सरळ ७ काढली तर? ४८ आणि ४०० ची सरासरी २२४ येते, आणि ती केपी ८ च्याही वर बसते. सातपासून आठपर्यंतची पायरी आणि दोनपासून तीनपर्यंतची पायरी एकच समजणारा माणूस वादळाचा अंदाज पार चुकीचा करणार.

बार्टेल्स यांचं आणखी एक काम मला फार आवडतं. ते हे अंक पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरलिपीसारखे कागदावर मांडत. एका ओळीत २७ दिवस, कारण पृथ्वीवरून बघितलं तर सूर्याला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला साधारण तेवढे दिवस लागतात. ओळीखाली ओळ ठेवत गेलं की खळबळीचे दिवस एकाखाली एक उभे येतात. म्हणजे सूर्याच्या अंगावर काहीतरी आहे, ते फिरून आपल्या समोर आलं की पृथ्वीचा चुंबक हलतो. दुर्बिणीतून तर तिथं काहीच दिसत नव्हतं, डागही नव्हता. बार्टेल्स यांनी १९३२ मध्येच या न दिसणाऱ्या जागांना नाव देऊन टाकलं होतं. १९७० च्या दशकात स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरून क्ष-किरणांत सूर्याचे फोटो घेतले गेले तेव्हा सूर्याच्या प्रभामंडळातली काळी विवरं दिसली, जिथून वेगवान सौर वारा सुटतो. चाळीस वर्षं आधी ती केवळ अंकांच्या ओळींतून सापडली होती. कुठल्याशा वेधशाळेत तीन-तीन तासांचे अंक मांडत बसलेल्या माणसांचं हे श्रेय.

आता प्रश्न, हे अंक येतात कुठून? केपी १३ वेधशाळांवरून काढतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं लर्विक, खाली एस्कडेलम्यूर, इंग्लंडमधलं हार्टलँड. जर्मनीतली नीमेक आणि विंग्स्ट. स्वीडन, डेन्मार्क, कॅनडा, अलास्कातलं सिटका, वॉशिंग्टनजवळचं फ्रेडरिक्सबर्ग. दक्षिण गोलार्धातल्या फक्त दोन, एक ऑस्ट्रेलियातली आणि एक न्यूझीलंडमधली. भारतातली एकही नाही. आशियातलीच नाही, आफ्रिकेतली नाही, दक्षिण अमेरिकेतली नाही.

यात कुणी आपल्याला डावललं असं मी म्हणणार नाही. या वेधशाळा मुद्दाम भूचुंबकीय अक्षांश (चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबानं मोजलेले) ४४ ते ६० च्या पट्ट्यातल्या निवडल्या आहेत. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या जरा अलीकडं सौर वाऱ्याचा धक्का स्वच्छ नोंदला जातो. आपल्या अक्षांशांवर दुसरेच प्रवाह वाहतात आणि त्यांची सरमिसळ झाली तर तो अंक गढूळ होईल. निवड शहाणपणाची आहे. मात्र कोल्हापुरात बसून केपी १ वाचताना तो लर्विक ते कॅनबेरा यांचा हालहवाल आहे, पन्हाळ्याचा नाही, एवढं ध्यानात ठेवायला हवं. वेळेचंही तसंच. त्यांचा दिवस जागतिक वेळेनं सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हा एक भाग, साडेआठ ते साडेअकरा हा पुढचा. आमचा रोव्हर आठ ते दहा यांत बिघडतो. केपीमध्ये तो वेळ दोन भागांत वाटला जातो, आणि दोन्ही भाग शांतच दिसतात.

आपल्या बाजूची नोंद कुणी ठेवली, हे सांगताना मला अभिमान वाटतो. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरचा तो प्रसिद्ध स्फोट झाला, ज्याला कॅरिंग्टनचं नाव आहे. त्या वादळात कुलाब्याला क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं. दुर्बिणीतून पट्टी वाचत, वादळ चढलं तेव्हा दर काही मिनिटांनी आकडा लिहित कुणीतरी तिथं बसून होतं. आजही त्या वादळाची ताकद ठरवताना जगभरचे अभ्यासक कुलाब्याच्या त्या नोंदीकडं येतात. १८७२ च्या ४ फेब्रुवारीला तर मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचं लिहून ठेवलेलं आहे.

पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहानं चुंबकाच्या नोंदी नासणार होत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला लोखंड टाळून नवी इमारत उभी करून घेतली, १९०४ मध्ये तिथं नोंदी सुरू केल्या, आणि दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडं एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता येतील. मोजणीच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मला या संपूर्ण इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ती दोन वर्षं वाटतात. जुना दगड उपटून नवा रोवताना दोन्हींवर यंत्र लावून फरक लिहून ठेवणारा माणूस आजही विरळाच. तो फरक कुणी लिहिला नाही म्हणून गावोगावी बांधाची भांडणं तीन-तीन पिढ्या चालतात.

आपल्यासारख्या कमी अक्षांशांसाठी डीएसटी नावाचा निर्देशांक आहे. जपानमधल्या क्योटोहून निघतो, दर तासाचा. जपान, हवाई, पोर्तो रिको आणि दक्षिण आफ्रिका इथल्या चार वेधशाळा त्यात आहेत. वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटरवर, प्रवाहाचं एक कडं भरतं आणि ते जमिनीवरचं क्षेत्र खाली ओढतं. किती ओढलं ते डीएसटी सांगतो. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज गेली, साठ लाख लोक अंधारात बसले, तेव्हा तो उणे ५८९ पर्यंत उतरला होता. मे २०२४ च्या वादळात उणे ४०० च्या आसपास. केपीनं ९ गाठला, लडाखमधल्या हान्लेचं आकाश लालसर झालं, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत सॅटेलाईटवर चालणारे ट्रॅक्टर थांबले. त्या शेतकऱ्यांचा वैताग मला इथं बसून समजत होता. तीही आमचीच यंत्रं. वादळ सुरू झालं तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते.

पण मार्चमधल्या त्या शांत संध्याकाळी डीएसटीही जवळजवळ शून्यावर होता. म्हणजे तोही आमच्या कामाचा नव्हता. मग वर चाललं होतं काय?

तुतिकोरीन-तिरुनेलवेलीच्या बाजूनं चुंबकीय विषुववृत्त जातं, म्हणजे जिथं पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेघ. १९६३ मध्ये भारतातून पहिलं रॉकेट केरळातल्या थुंब्याहून उडवलं ते याच कारणासाठी. सूर्य मावळला की तिथं आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर पटकन विरतो आणि वरचा थर मात्र उंच उचलला जातो. जड वर, हलकं खाली, अशी अवघड स्थिती तयार होते आणि खालचा विरळ भाग वरच्या दाट भागातून बुडबुड्यासारखा फुटून वर चढतो. बुडबुडा म्हटलं तरी आकारानं तो भलताच मोठा. चुंबकीय रेषांना धरून तो उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर पसरतो, विषुववृत्तावर जितका उंच चढेल तितका उत्तरेकडं पोचतो, आणि सेकंदाला शंभर-दीडशे मीटरनं पूर्वेकडं सरकतो. त्याच्या कडा खडबडीत असतात. सॅटेलाईटचा सिग्नल त्यातून आला की थरथरतो. आपल्याकडं हे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त, सूर्य जोरात असेल त्या वर्षांत फारच जास्त. आमच्या पट्ट्या दक्षिणेकडून नाचायला लागल्या होत्या त्याचा उलगडा इथं होतो.

याला सौर वादळ लागत नाही. उलट काही वादळं हे बुडबुडे दाबून टाकतात. काही वादळं ते अवेळी, मध्यरात्रीनंतर उठवतात. वादळाचा विद्युत धक्का पोचतो तेव्हा आपल्याकडं किती वाजलेत, त्यावर ठरतं. म्हणजे केपी ७ च्या रात्री काम सुरळीत होऊ शकतं आणि केपी १ च्या रात्री अडकू शकतं.

आणि हे सगळं बघायची सोय आपल्या उशाशी आहे, हे कोल्हापुरातल्या फार थोड्यांना माहीत असेल. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा रडार आहे, तो ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतो. पन्हाळ्यावर अंधाऱ्या रात्री संपूर्ण आकाशाचे फोटो घेणारा कॅमेरा चालवला गेला आहे. अडीचशे किलोमीटर उंचीवरून येणारा अतिमंद लाल उजेड तो टिपतो. डोळ्यांना तो उजेड दिसत नाही. त्या फोटोंत हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात, उत्तर-दक्षिण उभे, आणि एकामागून एक फोटो बघत गेलं की पूर्वेकडं सरकताना दिसतात. मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ स्क्रीनसमोरून उठलो नाही. आमच्या रोव्हरचं फिक्स ज्यानं घालवलं होतं ते तिथं दिसत होतं.

आता मी मार्च-एप्रिलमधलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं महत्त्वाचं काम साडेसातच्या आत उरकतो. रात्रभर स्टॅटिक (एकाच जागी यंत्र ठेवून तासन्‌तास मोजणी) लावायचंच असेल तर आठ ते अकराची नोंद वेगळी काढून बघतो. वहीत पॉट्सडॅमचा केपी, क्योटोचा डीएसटी, आणि त्यांच्या शेजारी फिक्स किती वाजता सुटलं, कुठल्या दिशेचा सॅटेलाईट आधी गेला, किती वाजता सावरलं, हे लिहितो. केपी बघणं सोडलेलं नाही. मोठ्या वादळात तो अजूनही पहिला इशारा देतो, आणि त्याच्याकडं नव्वद वर्षांची अखंड ओळ आहे. पण त्याच्या शेजारी आपल्या आभाळाचा रकाना हवाच.

हा रकाना एकट्यानं भरून फारसा उपयोग नाही. कोल्हापूर आणि पुणे जवळपास एकाच रेखांशावर आहेत. विषुववृत्तावर साधारण ५०० किलोमीटरपर्यंत चढलेला बुडबुडा कोल्हापूरला पोचतो, पुण्याला पोचायला त्याला आणखी शंभरएक किलोमीटर उंच जावं लागतं. म्हणजे ज्या रात्री माझं फिक्स गेलं आणि पुण्याचं टिकलं, त्या रात्री बुडबुडा किती चढला याचा अंदाज घरबसल्या येतो. सोलापूर आपल्या पूर्वेला पावणेदोनशे किलोमीटरवर. इथला बुडबुडा टिकून राहिला तर वीस ते तीस मिनिटांनी तिथं पोचायला हवा. सांगली, सोलापूर, पुणे, नाशिकचे मोजणीवाले हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे: येत्या सप्टेंबरात संध्याकाळी यंत्र चालू असेल आणि फिक्स सुटलं तर कंट्रोलरला शिव्या घालायच्या आधी घड्याळ बघा. वेळ सेकंदापर्यंत, सॅटेलाईटचा नंबर आणि तो कुठल्या दिशेला होता, एवढं लिहून ठेवा.